फ्लेक्सवरचा माझा फोटो

अहो,

तुम्ही तिकडं युरोपात नगरपालिकेला ख्रिस्ती लोकशाही पक्षाकडून उभे राहिलात, तवापासून मामंजींचे पाय जमिनीवर न्हाईत. चुलत सासऱ्यांनी विचारलं, "ख्रिस्ती पक्ष? म्हंजी पोरगा बाटला का?" तर मामंजी म्हणाले, "पक्ष कुठला का असंना, उभा आपला हाय!"

काल साऱ्यांनी मोबाईलवर तुमचं भाषण बघितलं. परदेशातून बायका आणायचे नियम आणखी कडक करू, असं तुम्ही म्हणालात आन् टाळ्या पडल्या. तुमच्याकडं यायच्या परीक्षेसाठी मी तिथली भाषा शिकतेय, म्हणून घरात मला एकटीलाच कळलं. मामंजी म्हणाले, "काय बोलतोय गं?" मी म्हणाले, "घरच्यांची आठवण काढतायत." त्यांनी डोळे पुसले.

आज खुटबावच्या चौकात फ्लेक्स लागलाय. वर तुम्ही हात जोडून, आन् खाली शुभेच्छुकांच्या रांगेत पहिली मी. फोटो लग्नातला हाय, तुम्हाला कापून काढलेला. बाया पेढा भरवतात, म्हणतात, "आता काय, चाललीस तू!" मी खाते. तुमचा फोन आला की मामंजी स्पीकर लावतात, म्हणून तिथं बोलता येत न्हाई, आन् हे पत्र पाठवायचं धाडस माझ्यात न्हाई.

चौकात टांगलेली,
तुमची शुभेच्छुक
समृद्धी