वीरण्णाचा पेला

४ एप्रिल
गुरुजींनी वही देऊन आठवडा झाला. रोज लिहीन म्हटलं अन् रोज टाळलं. खरं सांगायचं तर पहिली दोन पानं चूल पेटवायला गेली. आज बसलोच.

जागा झकास आहे. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं, माळावर, तीन खोल्यांचं सेवा केंद्र. बालवाडी, शिलाई मशिनी, औषधाची पेटी, आसपासच्या गावांचा राबता. माणिकप्पा गुरुजी कारभार बघतात, महादेवीअक्का स्वयंपाक करते. मी हदगावात कापसाच्या जिनिंगवर होतो, मग नांदेडात पाट्या रंगवल्या, टिकलो कुठंच नाही. इथं टिकायचं. पहिलं काम पाटीचंच निघालं: ‘जि. उस्मानाबाद’ पुसून ‘जि. लातूर’. जिल्हा नवा, मी नवा. नांदेडात एक पेंटर होता, ‘ळ’ असा काढायचा की बघत राहावं, त्याची बायको तर... जाऊ दे.

११ एप्रिल
भिंतीवर हार घातलेला फोटो आहे, एक माणूस बाकाच्या मधोमध बसलेला. वीरण्णा. माझ्या आधी इथं होता. मागची विहीर आटली की दोरानं खाली उतरायचा, कपारीतला झरा वाटीवाटीनं भरून घागरी वर द्यायचा. गेल्या उन्हाळ्यात दरड ढासळली, त्यात गेला. त्यांच्या लिंगायतांत बसवून पुरतात, तसं विहिरीपलीकडं बांधालाच बसवलंय.

बरं, गेला तर गेला. पण अक्का भाकरी थापता थापता म्हणते, वीरण्णा असता तर आत्तापावेतो सरपण फोडून झालं असतं. बालवाडीतली पोरं मलाच वीरण्णाकाका म्हणतात. मला चहा कान तुटलेल्या कपात, अन् फळीवर चकचकीत पितळी पेला पालथा. तो वीरण्णाचा. मेलेल्याला पेला कशाला, म्हटलं. अक्का म्हणाली, गेलेल्याचंच कौतुक असतंय बाबा, हाय त्याचं कोण करतंय?

२३ एप्रिल
टँकर आला नाही. मी बैलगाडी जुंपून लांबच्या मळ्यातून पिंप भरून आणलं. उन्हानं पाठ सोलली. एका म्हातारीनं ओंजळभर पिऊन काय म्हणावं? वीरण्णाच्या हातचं पाणी लई गोड होतं म्हणे.

पाणी काय हातानं गोड होतं का?

चिडून त्याचा फोटो भिंतीकडं तोंड करून टांगला. जेवून आलो तर सरळ. अक्का म्हणते, मी हात लावला न्हाई. अन् एक सांगतो, वीरण्णा आता बाकाच्या एका कडेला बसलाय. बाजूला एका माणसापुरती जागा.

१ मे
टँकर नाहीच. बायका घागरी घेऊन दारात बसून राहिल्या. जी ती म्हणते, वीरण्णा असता तर.

गुरुजींना म्हणालो, मी उतरतो. ते म्हणाले, दरड कच्ची हाय लेकरा, उगं जीव घालवशील. वीरण्णाला अडवलं होतं का, विचारलं. त्यांनी पिशवी भरायला घेतली.

म्हणजे तो उतरणारा, अन् मी लेकरू.

उद्या गुरुजी निलंग्याला जाणार आहेत. उद्याच.

३ मे
उतरलो! पहिली घागर वर गेली अन् बायका ओरडल्या, निवृत्ती, निवृत्ती! माझं नाव. वीरण्णाचं नाही, माझं.

मग माती पडली. अंधारलं. कपारीत वीरण्णा बसला होता, मांडी घालून. नुसता सरकला, जागा दिली.

वर कसा आलो आठवत नाही.

५ मे
कोणी बोलत नाही. अक्का रडून राहिली, मी समोर उभा तरी मान वर करीना. न सांगता उतरलो म्हणून राग असेल.

पण पेला! पितळी पेला, चहानं भरून, विहिरीच्या काठावर. अक्कानं माझं नाव घेऊन ठेवला. वीरण्णाला आज काहीच नाही.

१० मे
भिंतीवर माझा फोटो. माझी चौकट मोठी. म्हातारी म्हणत होती, निवृत्तीच्या हातचं पाणी लई गोड होतं. अंगावर मूठभर मांस चढलं.

हार मात्र दोघांना सारखाच.

हार—

मे, तारीख कळेना
पेला धरता येईना. हात—
मांडी सुटत नाही. वर गोल आभाळ, तेवढंच. शेजारी तो.

मे
वर कोणीतरी आलंय. इतक्यात कोण येईल वाटलं नव्हतं. उदगीरचा म्हणे, वळकटी घेऊन, माझ्या जागी. अक्का त्याला सांगून राहिली, निवृत्ती असता तर... लई चांगला होता. तो म्हणाला, कोण हो हा निवृत्ती? आवाजात जळका वास.

पेला त्याला देऊ नका. अक्का, माझा पेला—

काठाशी आला. वाकून बघून राहिलाय.

वीरण्णा सरकला. मीही जरा सरकून—