तोंड बंद असतानाचा होकार

ताई, तुला नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे हे विचारत नाही, कारण मागच्या फोनवर तू तो मला वाटीपासून घोट्यापर्यंत सांगितला आहेस. भावजींच्या पित्ताचंही कळलं. त्यांना माझा नमस्कार सांग, त्यांच्यावर माझा राग नाही. राग तुझ्यावर आहे, आणि शाई संपली तरी तो संपेल असं दिसत नाही.

मुळापासून सांगतो. (मूळ हा शब्द सध्या घरात कुणी काढत नाही.) माझ्या खालच्या जबड्यात उजवीकडे एक अक्कलदाढ आहे, म्हणजे होती. ही बया इतकी वर्षं हिरडीखाली आडवी पडून होती, आणि आता पन्नाशी उलटल्यावर तिला एकदम उठावंसं वाटलं. उठायला जागा नाही, म्हणून ती शेजारच्या दाढेला ढोसू लागली. शेजारची बिचारी धडधाकट होती, ती किडली. हिरडी सुजली, गाल टम्म फुगला आणि तोंड उघडेना. घास राहू दे, चमचासुद्धा तिरका करून सरकवावा लागे. लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या, ज्याने जे सांगितलं ते केलं. दाढेने कुणालाही जुमानलं नाही.

ऑफिसात तर वेगळाच तमाशा. पाणीपुरवठ्याच्या ज्या तक्रार-खिडकीवर बसून मी इतकी वर्षं लोकांना घसा फोडून समजावत आलो, तिथे मी गाल धरून गप्प. लोक आले, आपलं गाऱ्हाणं शेवटपर्यंत सांगून गेले. एक बाई तर जाताना म्हणाल्या, "आज पहिल्यांदा कुणीतरी नीट ऐकून घेतलं." त्यांच्या नळाला अजून थेंब नाही! साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. म्हणजे इतकी वर्षं मी काय झक मारत होतो?

शेवटी लेक मला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. हा गृहस्थ माझ्या तोंडात दोन हत्यारं, एक नळी आणि स्वतःची बोटं घालून विचारतो, "मुलं काय करतात?" अरे, एकच मुलगी आहे, आणि ती बाहेर तुझ्याच बाकावर बसून माझी वाट बघते आहे! (हे अर्थात मनात.) त्याने हिरडी कापली, दाढेचे तुकडे केले, एकेक उपटला, टाके घातले, कापसाचा बोळा ठेवला आणि वर हुकूम सोडला: बोळा घट्ट चावून धरा, तोंड उघडायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही.

घरी येऊन खुर्चीत मान टाकतो न टाकतो तोच तुझा फोन. लेकीने तो स्पीकरवर लावला. "बोलू नकोस, नुसतं ऐक," म्हणालीस, आणि गुडघा नि पित्त उरकून त्याच दमात, "पोरीला इथली नोकरी मिळाली आहे, माझ्याकडे राहील. इतके महिने तू नन्नाचा पाढा लावला आहेस. आता काही म्हणायचंय का तुला?" आणि थांबलीस! जन्मात पहिल्यांदा तू माझ्या उत्तरासाठी थांबलीस, तेही माझ्या तोंडात बोळा असताना! वर निकाल दिलास, "काही म्हणत नाही तो. म्हणजे झालं."

कोर्टातसुद्धा आरोपीचं तोंड मोकळं करून मग त्याला विचारतात, ताई.

मी जोरात हात उडवला. गालावरची बर्फाची पिशवी घसरली. लेकीने ती वरच्या वर झेलली, परत गालाला धरली आणि म्हणाली, "थँक यू, बाबा." लिहून नकार द्यावा तर सुजलेल्या गालावर चष्मा बसेना, आणि कागद मागायला तरी तोंड लागतंच. मग ती बर्फ धरून बसली आणि बोलत राहिली. तुझं गाव, तिची नोकरी, तिला मिळणारं खिडकीजवळचं टेबल. हात गारठून लाल झाला तरी तिने तो बदलला नाही. इतकं सलग ती माझ्यासमोर कधी बोललेली मला आठवत नाही. (खिडकीवरच्या त्या बाई आठवल्या आणि आणखीच संताप आला.)

आता तिकीट काढलं आहे. माझीच मोठी बॅग घेऊन ती कपाट रिकामं करते आहे आणि तिची आई घड्या घालून देते आहे. मी संमती दिलेली नाही, हे तू ध्यानात ठेव. लहानपणीही मला ताप आला की तू माझी खेळणी मैत्रिणींना वाटून टाकायचीस. तीच खोड अजून गेलेली नाही.

तुझा, अजून धुसफुसणारा, भाऊ

ता. क. टाके केव्हाच निघाले. तोंड आता चांगलं तीन बोटं उघडतं. घरात कुणाला सांगितलेलं नाही. उघडलं की "नाही" म्हणावं लागेल, आणि ती भरलेली बॅग बघितल्यापासून ते तोंडातून निघत नाही. म्हणून गालाला रुमाल बांधून हिंडतो आहे. तेव्हा फोन करू नकोस.

आणखी एक. ती रविवारी पोचते आहे. स्टेशनवर तू स्वतः जा, गुडघ्याची सबब चालणार नाही. आणि जेवताना तिच्याकडे लक्ष ठेव. हल्ली ती डाव्या बाजूने चावत नाही. (मी गप्प बसलो होतो, म्हणून दिसलं.) विचारलंस तर "कुठे काय" म्हणेल, माझीच मुलगी आहे. तिला दाताच्या डॉक्टरकडे ने आणि बोळा तोंडात आहे तोवर तिच्याजवळ बस. बर्फ धरलेला हात बदलायचा नाही.