तुझे भावोजी शुद्धीवर आले

सांडोर, डिसेंबर २००१

प्रिय सौ. कार्मिन,
थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. आम्ही देवाच्या दयेने बरे. तुझे गुडघे नाशिकच्या थंडीत काय म्हणतात ते कळव. (अक्षर लावून वाच, माझी शाळा चौथीतच सुटली.)

तुझे भावोजी वाडीत घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं, हे फ्रेडरिकने फोनवर सांगितलंच असेल. पुढचं तो सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांना हॉस्पिटल म्हणजे आपली वाडीच वाटायला लागली. सलाईनचा खांब म्हणजे घडाने वाकलेली केळ, म्हणून तिला टेकू द्यायला उठले. नर्सने हात बांधले. मला तर ओळखेचनात, बाई बाई म्हणत होते. फ्रेडरिक म्हणाला, "बाबांचं डोकं गेलं. वाडी खंडाने कसायला देऊ, तुम्ही दोघं फुलपाड्याला माझ्या फ्लॅटवर चला." (तिसऱ्या मजल्यावर मी कोंबड्या कुठे ठेवू?)

संध्याकाळी आपल्या रीतीप्रमाणे अख्खी आळी रोझरी म्हणायला आली, मेणबत्त्यांसकट. ते बघून ह्यांना वाटलं, आपणच वारलो. शेजारच्या सॅन्टनला म्हणाले, "मयताच्या बॅण्डवाल्यांना सांगितलंस का? आणि रडत कुणीच नाही, ही सगळी जेवायला आलेली दिसतात."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, आजी, हे वेड नाही. म्हातारपणी ऑपरेशननंतर, त्यात लघवीत इन्फेक्शन झालं की असा भ्रम होतो; अचानक येतो, दिवसभरात कमीजास्त होतो, आणि बहुतेकांचा उतरतो. मग विचारलं, ह्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन कुठे? चोरीला जाईल म्हणून फ्रेडरिकने घरी कपाटात कुलपात ठेवलेलं. आता दिसत नाही, ऐकू येत नाही, वर हात बांधलेले. बिशपसुद्धा बरळले असते. बाईंनी हात सोडवले, फ्रेडरिकला चष्मा-मशीन आणायला पिटाळलं, आळीला घरी धाडलं, पडदा उघडला, औषध सुरू केलं. मला सांगितलं, वाद घालू नका, पाणी पाजत राहा, आणि आज वार कोणता, आपण कुठे आहोत, तुम्ही कोण, एवढं हळू सांगत राहा. मी सांगत बसले. शुक्रवारी सकाळी चष्म्यातून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "क्लेमेंटीन, केळीला पाणी कोण लावतंय?" मी पदरात तोंड घालून रडले, आनंदाने.

तुझी,
क्लेमेंटीन

ता.क. फ्रेडरिक अजून फ्लॅटचंच धरून बसलाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, माणूस आपल्या जागी लवकर सावरतो. तू त्याची बाप्तिस्म्याची धर्ममाता, तुझं ऐकेल. एक फोन कर. पत्र त्यासाठीच लिहिलं.

आणखी ता.क. भ्रमात मला परकी समजून ह्यांनी कानात सांगितलं, "माझी बायको फार चांगली आहे हो बाई, पण तिला सांगू नका." आता विचारलं तर म्हणतात, तेव्हा मी भ्रमात होतो, डॉक्टरांना विचार.