बाबा आणि नवी गाडी

दादा,

मी ड्यूटीला निघालेय. बाबांचा आत्ताच डोळा लागलाय, उठवू नकोस.

सकाळी शोरूममध्ये ते हायब्रिड चालवून बघायला बसले. गाडी चालू झाली, पण इंजिनाचा आवाज येईना. सेल्समन म्हणाला, "काका, चालूच आहे." "मला शिकवतोस?" म्हणत, ती बंद आहे हे दाखवायला बाबांनी गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबला. दारातल्या कुंड्यांचा चुरा झाला. कुणाला लागलं नाही, नशीब.

घरी येईपर्यंत एकच पालुपद: "पेट्रोलचीच घ्या, निदान आवाज तरी देते." मी हो हो म्हटलं. आपल्या दोघांना स्टिअरिंग धरायला शिकवलेला माणूस, त्यांना मी काय बोलणार? पण गेल्या महिन्यात त्यांनी फाटकावर घातली ती पेट्रोलचीच होती ना रे?

हायब्रिड की पेट्रोल, ते तू ठरव आणि उद्या शोरूमला कळव. पण नवी गाडी त्यांनी चालवायची नाही, हेही त्यांना तूच सांग. माझी जीभ रेटत नाही.

जुन्या गाडीची चावी मी तांदळाच्या डब्यात लपवलीये. दुपारभर ते शोधत होते. मीही त्यांच्याबरोबर शोधत होते.