आपल्या घरची हाडं

पूर्णा,
ता. १२ जानेवारी १९५४

पंडितदादांच्या पायावर मुंजाजीचं डोकं. वैनीस नमस्कार. मी खुशाल हाय. थंडी लय. काल मालगाडीत कुणाचा तरी बैल होता, इंजनाच्या शिट्टीला हंबरून उत्तर द्यायचा. ते असू द्या.

तुमचं पत्र वाचलं. "आपल्या कोकिळेचं अंग बापावर गेलंय, त्याला मी काय करू?" वा दादा! बापावर तर मी बी गेलोय. गावोगाव हिंडत होतो तवा बरगड्या मोजता यायच्या. मग हाटेलात भज्याच्या कढईपाशी चार महिने बसलो, तर धोतराची गाठ पोटाखाली घसरली. वैनी कोकिळेइतकंच खायची, तितकीच बसायची, तरी चिपाड ती चिपाडच. ती परघरची. आपल्या हाडांना बसणं सोसत न्हाई.

अन् कोकिळेला बसवलं कुणी? रजाकारी मिटली, तुमी गावचे पुढारी झालात, अन् बहिणीनं शेतात जाणं तुमच्या इज्जतीला लागलं. चार वर्षं पडद्यात! निंदणाऱ्या बाया हाका मारायच्या, ती खिडकीतून बघायची. चांगलं स्थळ यावं म्हणून बसवली, अन् तेच स्थळ तिचं अंग बघून उठून गेलं. मग तुमचा इलाज काय, तर दिवसाला अर्धी भाकर अन् फडताळाला कुलूप. पोरगी रांजणापाशी चक्कर येऊन पडली. तरी कुलूप! आता पन्नाशीच्या बिजवराला देणार म्हणता.

मी तरी कोण मोठा लागून गेलो? तिला "ढोली" पयलं मीच म्हणालो. तिनं हसायचं सोडलं तरी म्हणतच राहिलो.

वर पूर्णा लिहिलंय ते खोटं. मी पेडगावला गोजरआत्याकडं हाय. आत्या म्हणजे म्हातारी कोकिळाच. तीच गोल मनगटं. बारीक कधी नव्हती, होणार पण न्हाई. पण साठीत गवताचा भारा घेऊन माझ्या पुढं चालती. तुमचं पत्र ऐकून म्हणाली, "पंड्याला म्हणावं, वरीसभर तूच बस पडद्यात. मग बघू!"

दादा, कोकिळेला शोधायला विहिरीत माणसं उतरवू नका. तुमी बाजाराला गेलात तवा मागच्या दारानं कोकिळेला मीच आणलं. आज पोटभर जेवून ती आत्यामागं रानात गेली. पाय सुजलेत, तरी उद्या परत जायचं म्हणती.

न्यायला यायचं तर आधी त्या बिजवराची सोयरीक मोडा, अन् फडताळाची किल्ली तिच्या हातात द्या.

कोकिळेचा भाऊ,
मुंजाजी