हाताचं हाड गुणिले पंचवीस

३ जानेवारी १९५४, रविवार. आर्वी.

नव्या वर्षाचा संकल्प दोन दिवस उशिरा. वही मिळाली नव्हती. तळहातात मधल्या बोटामागे जे हाड असतं, त्याची लांबी गुणिले पंचवीस म्हणजे माणसाची उंची. हा नियम मी, आरोग्यशास्त्राचा शिक्षक बंडोपंत, स्वतः शोधला. सव्वीस तारखेपर्यंत निबंध नागपूरला युनिव्हर्सिटीत पाठवणार.

माझं हाड २.६ इंच. म्हणजे उंची पाच फूट पाच. टेपने पाच फूट एक भरली. टेप जुनी आहे.

६ जानेवारी.

शाळेतल्या अकरा शिक्षकांचे हात मोजले. नियम तिघांना बरोबर लागू. उरलेले आठ ताठ उभे राहत नाहीत. इंदिरेचा हात मोजायचा होता. कणीक मळतेय म्हणाली. मग भांडी. मग म्हणाली, हात रिकामा झाला की कळवीन. संशोधकाने लग्न करू नये.

११ जानेवारी, सोमवार.

कारंज्याकडचे रूपराव पाटील सकाळच्या मोटारीने आले. फडक्यात हाडं. विहीर खणताना मातीत पंजा सापडला, बोटांसकट. यांचा थोरला भाऊ नत्थूजी चार वर्षांपूर्वी बांधावरून भांडून घर सोडून गेला, तो गेलाच. आता गाव म्हणतं, रूपरावांनीच मारून पुरला.

"मास्तर, तुमी हाडावरून उंची सांगता म्हने. हे माह्या भावाचं नाई, एवढं लिहून द्या."

विज्ञान भीड धरत नाही. हाड पावणेतीन इंचांहून किंचित जास्त. पाच फूट नऊ! विचारलं, नत्थूजी केवढे होते? रूपराव ओट्यावर खालीच बसले. म्हणाले, "पलटणीत भरती व्हाले गेलता, तवा मोजली होती. पाच फूट नऊ."

आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस. रूपरावांना चहा विचारायचा राहिला.

१४ जानेवारी. संक्रांत.

पंजा नत्थूजींचाच, असं सर्टिफिकेट सहीनिशी पोलीस जमादारांना दिलं. नागपूरच्या पेपरात चार ओळी आल्या. नाव 'खंडोपंत' छापलंय, पण जाणकार ओळखतील. रूपरावांना रोज चौकीवर बसवतात असं कळलं. गावात त्यांच्याशी कोणी बोलत नाही.

इंदिरा म्हणाली, जगात पाच फूट नऊचा तो एकच माणूस होता का? तिळगूळ खाताना असले प्रश्न विचारू नयेत.

१७ जानेवारी, रविवार.

जमादारांबरोबर रूपरावांच्या गावी. नत्थूजींच्या पत्नी मनकर्णाबाईंना मृत्यूची बातमी शास्त्रीय पद्धतीने समजावून सांगितली. बाईंनी फडकं सोडलं, एकेक बोट हातात घेतलं आणि मलाच विचारलं, "याले अंगठा कुठं हाय जी? पाचही बोटं सारखीच. हा हात माह्या मालकाचा नाई. मी कुंकू पुसत नाई."

अडाणी बाई. जमादार मात्र हाडं वर्ध्याला डॉक्टरकडे पाठवतो म्हणाले. अवश्य पाठवा म्हटलं. मान्यता तिथूनही मिळेल.

२२ जानेवारी.

डॉक्टरांनी वर्ध्याला बोलावलं. सर्टिफिकेट माझंच का, विचारलं. नंतर बराच वेळ चष्मा पुसत होते. म्हणाले, हा अस्वलाचा पंजा आहे.

मोटारीत शांतपणे विचार केला. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं तर पाच फूट नऊ सहज भरावं. नियम शाबूत. निबंधाचं नाव फक्त 'मनुष्य व अस्वल' करावं लागेल.

२६ जानेवारी. सकाळी.

निबंध आज पाठवणार होतो, तेवढ्यात दारात एक उंच माणूस. म्हणाला, "मी नत्थू. मास्तर, माहा कोनता हात गेला?"

बालाघाटच्या खाणीत होता. कोणी तरी पेपर मोठ्याने वाचत होता, त्यात स्वतःचं मरण ऐकलं. भावाला आपल्यापायी चौकीवर बसवतात, हे ऐकून निघाला. एकट्याने घरी तोंड दाखवायची लाज वाटते, तुम्ही चला म्हणाला. इंदिरेने त्याला पोहे दिले आणि माझी टोपी आणून माझ्या हातात ठेवली.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

मनकर्णाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. नवऱ्याकडे बघितलं, सूप खाली ठेवलं. एवढंच म्हणाल्या, "चार वर्षं रुसाले लागले?" मग आत गेल्या, बऱ्याच वेळाने आल्या. डोळे लाल होते.

रूपराव शेतातून धावत आले. पंधरा दिवसांत गालफडं बसलेली. भावाच्या पायावर पडले, मग दोघंही रडले. बांधाचा विषय कोणी काढला नाही.

मी खाटेवर बसलो होतो. दिलगिरीची दोन वाक्यं मनात जुळवली होती, त्यात 'विज्ञान' तीनदा येत होतं. ते काढून पाहिलं तर काही उरेना. रूपराव डोळे पुसत माझ्याकडे आले. मी उठून बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "मास्तर, थोडं सरका. दादाले बसू द्या."

सरकलो.