हातावरचं दही

भिलाईनगर
१२ मार्च १९६१

तीर्थस्वरूप कौशल्याताईस,

रमाचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगासाठी पोटावर पालथं पडावं लागतं, ते सध्या धोक्याचं आहे, म्हणून शिरापुरताच समजावा.) मोतीबिंदू पिकला की डॉक्टर अजून थांबायला सांगतात? पत्र तुझी बेबीच वाचून दाखवत असेल. (बेबी, पुढचा मजकूर मोठ्यानं वाचू नकोस, मनात वाच. पण मग ताईला कळणार कसं? बरं, वाच, फक्त भावजी अंगणात गेल्यावर.)

तू विचारलंस, लाडू नागपूरला पोचले, मग लाडू करणारी कुठे राहिली? साहेबाची आई झाल्यापासून तुला आम्ही आठवत नाही, असंही लिहिलंस. ताई, लाडू करणारी दुर्ग स्टेशनावर राहिली.

मुलाकडे इथं राहायला आल्यापासून माझं पोट माझं राहिलेलं नाही. बोअरिंगच्या पाण्याला लोखंडाची चव, आणि जिथं तिथं बांधकाम, त्यामुळे लाल धुरळा वरणातसुद्धा. लोक भिलाई सेक्टरांनी ओळखतात, मी संडासांनी ओळखते. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की आधी त्या क्वार्टरचं मागचं दार कुठे उघडतं ते विचारून घेते. परवा भजनात मध्येच उठायची वेळ आली, तर मी नकळत हात वर करून उभी राहिले, शाळेत सिस्टर ॲग्नेससमोर राहायचो तशी. बायकांना वाटलं, मला पुढचं भजन म्हणायचं आहे. त्यांनी माझ्या हातात टाळ दिले.

तरी मऊ भात आणि सुंठ एवढ्यावर पोट घरी गप्प असतं. दही मात्र चमचाभरही सोसत नाही. आणि नागपूरला निघायचं म्हटलं की आमची सून साधना मला देवापुढे उभी करून हातावर दही ठेवते, माणूस लवकर परत यावं म्हणून. एकदा नको म्हणून पाहिलं. "आई, माझे बाबा घाईत दही न घेताच गेले होते," एवढंच म्हणाली. ते परत आले नाहीत, हे तुला ठाऊक आहे. मग मी मुकाट्यानं तळहात चाटते, आणि दह्याचा गुण असा की खरोखर लवकर परत येते. पहिल्यांदा बसथांब्यावरून, दुसऱ्यांदा दुर्गच्या फाटकावरून.

या खेपेला गाडीत बसलेसुद्धा. सोबत शेजारची गयाबाई, खिडकीची जागा, मांडीवर लाडू. आणि शिट्टीच्या आधी कळ आली. गाडीतल्या संडासाकडे धावले, तर आत राजनांदगावचे मजूर ट्रंका-वळकट्यांसकट मुक्काम टाकून बसलेले. त्यातला एक आदरानं सरकला आणि म्हणाला, "आ दाई, बइठ जा." (दाई म्हणजे इकडे आई.) मी खाली उतरले. गयाबाई खिडकीतून ओरडत होती, "कावून उतरल्या बाई? गाडी त सुटून राहिली न!" मी फलाटावरून पळता पळता एवढंच सांगितलं, लाडू ताईला दे.

नंतर (सगळं उरकल्यावर) बाकावर बसून राहिले. रूळ सरळ तुझ्याकडेच जातात, ताई. शाळेत माझं पोट दुखलं की तू वरच्या वर्गातून खाली यायचीस आणि आपलंही दुखतं म्हणायचीस. दोघींचं एकदम कसं दुखतं, हे सिस्टरनं कधी विचारलं नाही. घरी नेऊन तू ओव्याची गरम पुरचुंडी माझ्या पोटावर धरायचीस, आणि मी बरं वाटल्याचं मुद्दाम उशिरा सांगायची. इथला दवाखाना चांगला आहे, औषधं मिळतात. पुरचुंडी मी स्वतःच करते. पण ती आपल्याच हातानं धरली की नुसती गरम लागते.

भावजींना नमस्कार, बेबीला आशीर्वाद.

तुझी
रमा

ता. क. गयाबाई सांगत होती, लाडू घेतल्यावरही तू तिच्या पाठीमागे दाराकडे बघत राहिलीस. मोतीबिंदू असून एवढं काय दिसत होतं?

आणखी एक. माझं येणं काही खरं नाही. तूच ये, बेबीला घेऊन. मागच्या दाराजवळची खोली माझी आहे, ती तुला देते. एवढा मोठा त्याग मी सध्या दुसऱ्या कुणासाठी करणार नाही.

आणि शेवटचं. तू परत निघशील तेव्हा साधनेला बाजूला सारून दही मीच ठेवणार आहे. तुझं पोट लहानपणापासून दगडाचं, हे मला माहीत आहे. तरी चांगलं आंबवून ठेवीन. निदान दुर्गच्या फाटकावरून तरी परत येशील.